सॅटर्न पडला! आता कोणता भाग मागवायचा?

ह्यूस्टनबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात, फेब्रुवारीतल्या सकाळी, आमचं सॅटर्न पाच, म्हणजे माणसांना चंद्रावर नेणाऱ्या नासाच्या रॉकेटचं उडणारं छोटं मॉडेल, वर गेलं ते झोकात आणि खाली आलं ते धोंड्यासारखं. चूक माझीच. पॅराशूट आदल्या रात्रीच घडी करून आत कोंबून ठेवलं होतं. रात्रभर गाडीत, थंडीत, त्या पातळ प्लास्टिकची घडी तशीच बसली आणि वर गेल्यावर बाहेर पडली ती नुसती पुडी. लेक धावत गेली आणि तिकडूनच ओरडली, "आई, टोकावरचा टॉवर सापडतच नाहीये!"

हिशेब असा होता: वरची नळी चेपली, एक पंख मुळातून उपटला, प्लास्टिकचं एक नक्षीदार वेष्टण तडकलं आणि टॉवरचे चार तुकडे झाले, त्यातले तीनच सापडले. मग मी अगदी नवख्या माणसासारखं केलं. घरी आल्या आल्या फोनवरून '२.६ इंच नळी' मागवली. आली ती जाड भिंतीची. मूळ कपलर, म्हणजे नळीच्या आत नेमका बसणारा पुठ्ठ्याचा आखूड तुकडा, तिच्यात शिरेना, वजनही जास्त. ती नळी अजून गॅरेजमध्ये आहे, तिच्यात आता ब्रश ठेवते.

तुमचं रॉकेट नुकतंच पडलं असेल तर मागवामागवी दोन दिवस लांबणीवर टाका. आधी काय मोडलं, ते कोणत्या मापाचं आहे आणि ते विकत घ्यायचं की घरी करायचं, एवढं ठरवा. मी इथे एस्टीज या अमेरिकन कंपनीच्या १:१००, म्हणजे खऱ्याच्या शंभराव्या भागाच्या, सॅटर्न पाचचं उदाहरण धरून लिहिते आहे, कारण तेच माझ्या हाताखालून गेलंय. दुसरं कुठलं स्केल मॉडेल असेल तरी पायऱ्या याच.

मैदानातच करायची कामं

सगळे तुकडे गोळा करा. रंगाचा पापुद्रासुद्धा. झिपवाली पिशवी जवळ असू द्या. मोडलेला तुकडा हा नव्या तुकड्याचा साचा असतो. आमच्या टॉवरचे तीन पाय मिळाले म्हणून चौथा करता आला.

दुसरं, पडल्याचं कारण तिथेच लिहून ठेवा. पॅराशूट उघडलं नाही, की नळी आणि टोकावरचं नाक एकत्र बांधणारी दोरी जळली, की दोरीने नळी चिरली? नळीच्या तोंडापासून खाली उभी चीर गेली असेल, तर हवेत वेगात असताना दोरीला हिसका बसला आणि तिने पुठ्ठा कापला. या हौसेतले लोक त्याला झिपर म्हणतात. नोज कोन, म्हणजे ते टोकदार नाक, परत उडून आपल्याच नळीवर किंवा पंखावर आपटला असेल तर दोरी आखूड आहे. अशा वेळी नळी बदललीत आणि दोरी तीच ठेवलीत, तर पुढच्या रविवारी पुन्हा नळीच मागवाल.

नळीचं नाव शोधा

मॉडेल रॉकेटच्या दुनियेत सगळं नळीवर ठरतं. नोज कोन, कपलर, इंजिनाची नळी मध्यभागी धरणारी आतली कडी, सगळं नळीच्या नावाने विकलं जातं. एस्टीजच्या नळ्या बीटी या अक्षरांनी ओळखतात, म्हणजे बॉडी ट्यूब. पुढचा आकडा कोणत्याही एककातलं माप नाही, नुसतं नाव आहे. बीटी-२० चा बाहेरचा व्यास १८.७ मिलिमीटर, बीटी-५० चा २४.८, बीटी-६० चा ४१.६, बीटी-८० चा ६६ आणि बीटी-१०१ चा १००. बीटी-२० मध्ये १८ मिलिमीटरचं इंजिन बसतं, बीटी-५० मध्ये २४ मिलिमीटरचं.

चेपलेल्या नळीला व्हर्नियर लावू नका, ती लंबगोल झालेली असते. त्याऐवजी कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोकं एकमेकांवर येतात तिथे पेन्सिलने खूण करा, पट्टी उलगडून मोजा. बीटी-८० चा परीघ साधारण २०७ मिलिमीटर येतो, बीटी-१०१ चा ३१४. रंगाचे थर असतील तर एखादा मिलिमीटर जास्त. तीनशे चौदा आलं की व्यासासाठी ३.१४ ने भागाकारही करावा लागत नाही!

आता स्केल मॉडेलची गंमत. सॅटर्न पाचच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास नासाच्या कागदांवर २६० इंच आहे. शंभराने भागा, २.६ इंच, म्हणजे थेट बीटी-८०. खालच्या दोन टप्प्यांचा व्यास ३९६ इंच, म्हणजे मॉडेलमध्ये ३.९६. बीटी-१०१ आहे ३.९३८ इंचाची. अर्धा मिलिमीटर कमी पडतो, तो डोळ्याला कळत नाही. १:१०० ची आणखी एक सोय म्हणजे खऱ्या रॉकेटचे मीटर हे तुमचे सेंटिमीटर. खरं रॉकेट ११०.६ मीटर उंच, आपलं ११०.६ सेंटिमीटर. एखादा भाग हरवला आणि त्याचं मीटरमधलं माप मिळालं की काम झालं.

किटबरोबर आलेला सूचनांचा कागद टाकला असेल तर हळहळू नका. एस्टीजचं हे मॉडेल १९६९ पासून वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये निघालंय आणि जुन्या किटांचे कागद हौशी लोकांनी स्कॅन करून ठेवलेत. मात्र आवृत्ती जुळवून घ्या. एका आवृत्तीतला प्लास्टिकचा भाग दुसरीला बसेलच असं नाही. यादीत प्रत्येक भागापुढे क्रमांक असतो, तो मोडलेल्या तुकड्यांच्या पिशवीवर लिहा.

काय विकत, काय घरी

माझा नियम सोपा आहे. नळी, कपलर, इंजिन अडकवायची पट्टी आणि पॅराशूट विकत घ्यायचं. पंख, कड्या आणि दोरी घरी. प्लास्टिकचे नक्षीदार भाग आधी शोधायचे, नाही मिळाले तर घरी.

अमेरिकेत असाल तर नळ्या खुद्द एस्टीजकडे किंवा कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या अपोजी कंपोनंट्सकडे पाहा. बंद पडलेल्या मापांसाठी आणि बाल्सा या हलक्या लाकडाच्या नोज कोनसाठी सेमरॉक या नावाने निघणारे भाग उपयोगी पडतात. मागवताना बाहेरचा आणि आतला, दोन्ही व्यास तपासा. बीटी-८० ची भिंत जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. बाहेरून सारखी दिसणारी जाड नळी आली की माझ्यासारखा ब्रशचा स्टँड तयार होतो.

कधी कधी सुटे भाग मागवण्यापेक्षा कोणाचं तरी अर्धवट सोडलेलं तेच किट घेणं स्वस्त पडतं. विशेषतः प्लास्टिकचे दोनतीन भाग एकदम गेले असतील तेव्हा.

नळी बदलणं

पूर्ण नळी क्वचितच बदलावी लागते. चेपलेला तुकडा कापायचा, तेवढ्याच लांबीचा नवा घालायचा, आतून कपलर.

जिथे कापायचं तिथे आतून कपलर सरकवून ठेवा, चिकटवू नका. त्याचा आधार नसेल तर कटरच्या दाबाने नळी आणखी चेपते. आता जाड कागदाची पाचेक सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, तिची एक कड कारखान्यात कापलेली, म्हणजे सरळ असली पाहिजे. ती नळीभोवती गुंडाळा. कडेला कड तंतोतंत जुळली की ती रेघ काटकोनात आहे. चिकटपट्टीने बांधा आणि कडेने पेन्सिल फिरवा.

कटरला नवं पातं लावा. जुन्या पात्याने पुठ्ठा कापला जात नाही, फाटतो. पहिल्या फेरीत नुसता ओरखडा. नळी फिरवा, हात फिरवू नका. पाचसहा हलक्या फेऱ्यांनंतर एक क्षण येतो, आवाज बदलतो, खरखर थांबते आणि तुकडा आपोआप सुटतो. माझी पहिली नळी मी दोन फेऱ्यांत कापायला गेले आणि कडेला पुठ्ठ्याची झालर निघाली.

सपाट टेबलावर पॉलिशपेपर ठेवून कापलेली कड त्यावर गोल गोल घासा. मग कडेवर पातळ सुपरग्लूचे थेंब सोडा, पुठ्ठा ते पिऊन घेतो आणि कड टणक होते. वाळल्यावर पुन्हा एकदा हलकं घासा. नंतर सगळं कोरडंच जोडून लांबी मोजा. स्केल मॉडेलमध्ये तीन मिलिमीटर कमी म्हणजे खऱ्या रॉकेटचे तीस सेंटिमीटर गेले. शेजारी फोटो धरला की ते दिसतं.

चिकटवायला पंखांसाठी सुतारकामाचा गोंद उत्तम, भारतात फेविकॉल म्हणा. पण कपलरला तो वापरू नका. गोंदातल्या पाण्याने पुठ्ठा फुगतो आणि कपलर अर्ध्यावर असतानाच घट्ट धरून बसतो. मग ना पुढे ना मागे. तिथे सावकाश सुकणारं एपॉक्सी, म्हणजे आपलं अराल्डाइट घ्या. कपलरच्या मध्यावर पेन्सिलने रेघ मारा. एपॉक्सी कपलरला फासू नका, नळीच्या आत लावा. नाहीतर सरकवताना सगळं बाहेर खरवडून येतं आणि हातांना, टेबलाला, मांजराला लागतं.

सुकेपर्यंत नळी सरळ राहायला हवी. मी ती दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात उभी टेकवून दोन रबरबँड लावते.

झिपर झालेली नळीही अशीच दुरुस्त होते, चीर संपते त्याच्या थोडं खाली कापून. छोटी चीर असेल तर सुपरग्लू आणि आतून कागदाचं ठिगळ पुरतं. कागदी नळीवर तिरक्या गुंडाळीच्या खोबणी असतात, नव्या तुकड्यावर त्या उठून दिसतात. लाकडाचं फिलर पाण्यात दह्याइतकं पातळ करून ब्रशने त्यात भरा, वाळल्यावर घासा.

पंख

उरलेला धड पंख कार्डावर ठेवून कडेने आखा, तोच साचा. बाल्साचा असेल तर लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा. आडव्या ठेवल्या तर जमिनीवर टेकताच पंख त्या रेषेत तडकतो.

चिकटवण्याआधी जुना रंग आणि गोंद खरवडून नळीचा कोरा पुठ्ठा उघडा करा. दोन्ही बाजूंना पातळ गोंद लावा, दोनतीन मिनिटं थांबा, पुन्हा पातळ लावा आणि मग दाबा. एकाच जाड थरापेक्षा हे लवकर धरतं. वाळल्यावर सांध्याच्या दोन्ही कुशींत गोंदाची बोटाने ओढलेली बारीक गोलाई द्या.

सॅटर्नचे चार पंख शेपटीकडच्या शंकूसारख्या आवरणांवर बसतात. ती आवरणं प्लास्टिकची. प्लास्टिकला प्लास्टिक जोडायचं तर मॉडेलचं प्लास्टिक सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद, चालतं, पण पुठ्ठ्याला प्लास्टिक जोडायला ते निरुपयोगी. तिथे सुपरग्लू किंवा एपॉक्सी, आणि आधी प्लास्टिक घासून खरखरीत करा.

टॉवर आणि नक्षीची वेष्टणं

टोकावरचा तो जाळीदार मनोरा म्हणजे अंतराळवीरांना संकटात घेऊन सुटणारं रॉकेट ज्यावर बसलेलं असतं तो भाग. मॉडेलमध्ये पडल्यावर सगळ्यात आधी तोच जातो. एक सल्ला लोक सर्रास देतात की पितळी तारेचा करा, मोडणार नाही. नका करू. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत नाक, नळी आणि पंख हे हलके आणि बिनधातूचे हवेत असं स्पष्ट आहे. कोणाच्या डोक्यावर पडलं तर मोडलं पाहिजे ते मॉडेल.

स्टायरीन या प्लास्टिकच्या बारीक काड्या मिळतात, त्या घ्या. कागदावर टॉवरच्या एका बाजूचं चित्र मापात काढा, वर पारदर्शक टेप लावा, त्यावर काड्या ठेवून द्रव सिमेंटचा नुसता स्पर्श करा. अशा दोन सपाट शिड्या करून मग आडव्या काड्यांनी जोडा. सिमेंट जास्त झालं तर काडी मऊ होऊन वाकते. माझ्या पहिल्या शिडीचा जिलबीसारखा आकार झाला होता.

थ्रीडी प्रिंटर असेल तर सोपं आहे, पण पीएलए हे प्रिंटरचं प्लास्टिक वापरताना लक्षात ठेवा की ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. टेक्सासच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज जातो. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक जास्त टिकतं.

तडकलेल्या वेष्टणावर उभ्या पन्हळ्या असतात, खऱ्या रॉकेटवरच्या ताकदीच्या पट्ट्यांची ती नक्कल. छोटी तड असेल तर मागून टिश्यू पेपर आणि सुपरग्लू. मोठी असेल तर पन्हळी स्टायरीनचा पत्रा घ्या, पण दोन पन्हळ्यांमधलं अंतर जुन्याशी जुळवा. पाच पन्हळ्या एकत्र मोजून पाचने भागा, एकच मोजाल तर चुकाल.

दोरी, पॅराशूट, इंजिनाची नळी

हे भाग स्वस्त आणि घाईत दुर्लक्षित. दोरी रॉकेटच्या लांबीच्या किमान दुप्पट, शक्यतो तिप्पट. खालचा भाग केव्हलारचा, तो जळत नाही. वरचा भाग नाडीच्या रुंद इलॅस्टिकचा, तो हिसका खातो. केव्हलार नळीच्या तोंडाबाहेर येणार नाही इतकाच ठेवा, नाहीतर झिपर तोच करेल.

पॅराशूट उडवण्याआधी पाच मिनिटं घडी करा, आदल्या रात्री नाही. आत टाल्कम पावडर शिंपडा. इंजिनाच्या स्फोटाने ते जळू नये म्हणून खाली न जळणारा कागदी बोळा भरायला विसरू नका. काही लोक त्याऐवजी घराच्या छतात भरतात तो करडा सेल्युलोजचा भुसा वापरतात. त्याला या हौसेत 'डॉग बार्फ' म्हणतात, आणि एकदा पाहिलंत की नाव पटतं.

इंजिनाची नळी आतून काळी होणं ठीक. पुठ्ठा ठिसूळ होऊन बोटाने दाबला जात असेल तर बदला. कड्या कार्डाच्या दोन थरांतून कापता येतात.

वजन

नवशिके इथेच घसरतात. खरं सॅटर्न इंजिनं वळवून दिशा सांभाळायचं, म्हणून त्याचे पंख छोटे. मॉडेलला तशी सोय नाही, आणि स्केल म्हणून पंख मोठे करता येत नाहीत. त्यामुळे शेपटीकडे वाढलेला प्रत्येक ग्रॅम महाग पडतो. एपॉक्सीचे ढीग, ओतलेल्या रेझीनची आवरणं, रंगाचे चार थर, सगळं मागेच जमतं.

समजा, गुरुत्वमध्यापासून, म्हणजे रॉकेट जिथे तोललं जातं त्या बिंदूपासून, ४० सेंटिमीटर मागे तुम्ही १० ग्रॅम वाढवले. ते तोलायला ५० सेंटिमीटर पुढे ८ ग्रॅम लागतील. म्हणजे दहा ग्रॅमची दुरुस्ती अठराला पडली. म्हणून रेझीनऐवजी पातळ प्लास्टिक शोधायला वेळ गेला तरी चालेल.

तपासणी अशी करा. उडण्याच्या तयारीत, म्हणजे इंजिन, बोळा, पॅराशूट सगळं भरून, रॉकेट बोटावर किंवा दोऱ्याच्या फासात तोला. तो बिंदू मोडण्यापूर्वीच्या बिंदूच्या जागी किंवा त्याच्या पुढे, नाकाकडे, हवा. जुना बिंदू लिहिलेला नसेल तर ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मापं भरून पाहा. गुरुत्वमध्य हा दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, निदान एका व्यासाइतका पुढे हवा, आपल्या सॅटर्नसाठी दहा सेंटिमीटर.

एकूण वजनही करा आणि इंजिनासाठी दिलेल्या कमाल वजनाशी ताडा. डी१२-३ या इंजिनाच्या नावात डी म्हणजे एकूण रेटा १० ते २० न्यूटन-सेकंदांच्या गटातला, १२ म्हणजे सरासरी १२ न्यूटन, आणि ३ म्हणजे जळून संपल्यावर तीन सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा स्फोट. जड रॉकेट वर जाऊन लवकर खाली वळतं, त्याला हा शेवटचा आकडा छोटाच लागतो. पाच सेकंदांचं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून घालू नका.

रंग

प्रायमर, घासणं, पांढरा, मग टेप लावून काळा. काळे पट्टे कुठे ते ठरवताना एक फसगत टाळा. १९६६ मध्ये नासाने ५००-एफ नावाचं न उडणारं सॅटर्न चाचणीसाठी उभं केलं होतं. त्याच्या पहिल्या टप्प्यावर एक काळा पट्टा होता. उन्हात आतली जागा तापते म्हणून उडणाऱ्या रॉकेटांवर तिथे पांढरा रंग दिला गेला. कितीतरी मॉडेलं अजून ५००-एफसारखी रंगवली जातात. आम्ही जॉन्सन स्पेस सेंटरमधल्या खऱ्या रॉकेटचे फोटो काढून आणले आणि मगच टेप लावली. उरलेली दोन फ्लोरिडात आणि हंट्सव्हिलला आहेत.

भारतात असाल तर

अमेरिकेतून येणाऱ्या पाहुण्याकरवी नळ्या, कपलर मागवता येतात. नळी सूटकेसमध्ये मोज्यांनी भरून ठेवायला सांगा. इंजिनं मात्र विमानातून नेता येत नाहीत, हातातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. कोणाला आग्रह करू नका.

शोकेसमधलं मॉडेल असेल तर नळी घरी वळता येते. ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, त्यावर कागद गुंडाळत व्यास ६५ पर्यंत आणा, वर प्लास्टिकची पिशवी ताणून लावा म्हणजे नळी सुटेल. त्यावर चार्टपेपर फेविकॉल लावून गुंडाळत ६६ गाठा. दोन दिवस वाळू द्या, पाइपावरच. कापडाच्या गाठीतली पुठ्ठ्याची नळी आयती मिळते, पण तिची भिंत जाड असते.

आमचं सॅटर्न एप्रिलमध्ये पुन्हा उडालं, वारा नसलेल्या सकाळी. टॉवर आता कायमचा चिकटवलेला नाही. खाली छोटी खुंटी केली आहे आणि कॅप्सूलमध्ये खाच. मैदानात जाईपर्यंत तो कापूस भरलेल्या श्रीखंडाच्या डब्यात असतो, आणि डबा लेकीच्या मांडीवर.